मंद वाणी

२०२० साली महामारीमुळे आमच्या मंदिराची द्वारे बंद झाली. त्या दिवसांत, २७ मार्च रोजी, दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी संत पेत्राच्या निर्जन प्रांगणात, भर पावसात, जगासाठी प्रार्थना केली. आम्ही मात्र घरी बसून ‘देवा, असे का?’ एवढेच विचारीत राहिलो. उत्तरासाठी थांबलो नाही. होरेब पर्वतावर एलीया संदेष्ट्यास परमेश्वर वादळात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही. त्यांमागून आलेल्या मंद वाणीत भेटला. आमची प्रार्थना म्हणजे बहुतेक आमचेच बोलणे होते, हे आज आम्ही नम्रपणे कबूल करितो. तरी ह्या महोत्सवी एवढाच संकल्प करू या: रोजरी आटोपताच घटकाभर मौन धरावे, व प्रभूस बोलू द्यावे.