कार्यभार सोपविताना

सरकारी नोकरीत बदली झाली, की कार्यभार सोपवावा लागतो. किल्ल्या, नोंदवह्या, खुर्च्या यांची यादी होते. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, की प्रकरण मिटले! परंतु घरातला जिवाभावाचा ठेवा दुसऱ्याच्या हाती देताना ही यादी अपुरी पडते, हे मला यंदा उमगले.

रायपूरच्या समता कॉलनीतील आमच्या घरी आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता. रायपूर मध्यप्रांतात असताना, राजधानीच्या नागपुराहून त्यांनी तो आणलेला. सोबत लाखेच्या साठएक तबकड्या. लाख म्हणजे आमच्या छत्तीसगडातील पळस-कुसुमांवर किड्यांनी साठविलेली राळ. तीत दगडाची भुकटी नि काजळी मिसळून तबकडी घडे. मिनिटाला 78 फेरे आणि एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटे! एवढ्याशा अवकाशात गाणे बसविण्याची किमया गौहरजान यांनी 1902 साली कलकत्त्यात करून दाखविली.

कबूल करतो, पाच वर्षे मी त्याला चावी दिली नव्हती. दोन गिऱ्हाइके आली. एकाला तो हॉटेलच्या दर्शनी दालनात मांडायचा होता. त्याने मागितली ती किंमत देऊ केली. दुसरा होता कॉलेजातला तरुण. तो तिसरा हिस्साही देऊ शकत नव्हता. पण त्याने विचारले, “काका, सुई केव्हा बदलायची?” माझा निर्णय तिथेच झाला.

सुई दर बाजूला बदलायची. तबकडीतील भुकटीने पोलादी सुई घासली जाते आणि झिजलेली सुई तबकडीची रेघ खरवडते. सुईने झिजावे, गाणे टिकावे, असा तो करार आहे.

चार रविवार तो येत राहिला. वाजवून झाल्यावर स्प्रिंग सैल सोडावी, तबकड्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, हे तो शिकला. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी जिथे अडखळते, तिथे आजोबा बोटाने हलकेच टिचकी देत. ती जागाही त्याला दाखविली. कोणत्या यादीत ही नोंद झाली असती?

पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर जमविलेला संग्रह 1975 साली शासनाच्या स्वाधीन केला. तो जपला गेला. पण वाजणाऱ्या वस्तूला जपणाऱ्याइतकाच वाजविणारा हवा असतो.

श्रोतेहो, आपल्या माळ्यावर असे काही असेल, तर हात थरथरू लागण्यापूर्वीच ते योग्य माणसाला द्या. वारसांना वस्तू मागाहूनही मिळेल; ती टिचकी मात्र आपल्यालाच शिकवावी लागेल.