पाणी गळतंय, पण…



आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी जपानला वृद्धांची सेवा करायला गेली. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपानचा करार झाला, तेव्हापासून या कामाची वाट उघडली आहे. त्यासाठी लागणारी जपानीची परीक्षा पोरगी पास झाली. पण तिथं भाड्याच्या खोलीत बेसिनखालचा पाइप गळायला लागला, तेव्हा तिचं तोंड उघडेना. निघताना आईनं बजावलं होतं, "कुणाला त्रास देऊ नकोस." तिनं आठ दिवस खाली पातेलं ठेवलं. शेवटी खालच्या घराचं छत ओलं झालं.

जपानच्या कायद्यात आहे, घराला दुरुस्ती लागली की भाडेकरूनं ती विनाविलंब मालकाला कळवायची. म्हणजे सांगणं हा त्रास नव्हे, ते कामच आहे.

मग सांगायचं कसं? आधी 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा. मग, 'मिझु गा मोरेते इरुन देस् गा…' मिझु म्हणजे पाणी, मोरेते इरु म्हणजे गळतंय. शेवटचा 'गा' म्हणजे आपला 'पण'. "पाणी गळतंय, पण…" एवढं बोलून थांबायचं. पुढचं समोरच्यानं ओळखायचं. नळाला पाणी नसेल तर 'मिझु गा देनाइन देस् गा…' दिवा लागत नसेल तर 'देन्कि गा त्सुकानाइन देस् गा…'

हे आपल्याला नवं नाही. शेजारणीच्या दारात आपण "साखर संपलीय हो…" एवढंच म्हणतो, आणि वाटी भरून मिळते.

आपण 'कप फुटला' आणि 'कप फोडला' यात फरक करतो, तसाच तेही करतात. फुटला म्हणजे 'वारेमाश्ता', फोडला म्हणजे 'वारिमाश्ता'. चूक आपल्या हातून झाली असेल, तर दुसरा शब्द वापरून कबूल करावं.

गॅसचा वास आला तर मात्र 'पण' म्हणून थांबायचं नाही. 'गासु नो निओइ गा शिमासु', गॅसचा वास येतोय, असं सरळ सांगायचं. आग लागली किंवा रुग्णवाहिका हवी असेल तर तिथला नंबर ११९.

परदेशी निघालेल्या लेकीच्या बॅगेत आपण कांदा-लसूण चटणी आठवणीनं भरतो. सोबत एवढंही सांगूया, "बाई, काही बिघडलं तर त्याच दिवशी सांग."