गाडीतून काढलेले कूलंट कुठे ओताल?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मे महिन्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला, की रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मोटार हमखास दिसते. मी तीस वर्षे मुलांना मोटार दुरुस्तीचे काम शिकवले. त्यामुळे उन्हाळा तोंडावर आला, की शेजारपाजारचे लोक विचारतात, "सर, कूलंट आणि गिअर ऑईल घरच्या घरी बदलता येते का हो?" मी म्हणतो, येते. काम अवघड नाही. पण पाना हातात घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा. गाडीतून जे जुने निघेल, ते तुम्ही कुठे ठेवणार?

त्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो. आधी कूलंट कशासाठी असते ते पाहू. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग कूलंट कशाला, पाणी चालेल," असे पुष्कळ जण म्हणतात. थंड प्रदेशात कूलंट पाणी गोठू देत नाही, हे खरे. आपल्याकडे त्याची दोन वेगळी कामे आहेत. पहिले म्हणजे ते लवकर उकळत नाही. पाणी १०० अंशांना उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण साधारण १०७ अंशांपर्यंत दम धरते. त्यावर रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखा दाब धरून ठेवते, त्यामुळे ही मर्यादा १२० अंशांच्याही पुढे जाते. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी थेट तोंडावर उडते.

दुसरे काम गंज आणि क्षार रोखण्याचे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराला पाणी देणारी धरणे आटली, तेव्हा बोअर आणि टँकर यांच्यावर दिवस काढावे लागले. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर कसा पांढरा थर बसतो, ते घरातल्या बायकांना विचारा. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत नळ्या बुजतात. म्हणून कूलंटमध्ये मिसळायचे पाणी डिस्टिल्डच हवे, बॅटरीत घालतो तसे. आणि नुसते कूलंट, पाणी न मिसळता, कधी ओतू नये. एकटे ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. तयार मिश्रणाचा डबा आणला असेल, तर मात्र त्यात पाणी घालायचे नाही. डब्यावरचे वाचून घ्या.

आता कृती. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. रेडिएटरखाली मोठे घमेले ठेवा. हीटर असेल तर त्याचे बटण पूर्ण गरमवर करा, म्हणजे त्या नळ्यांतलेही कूलंट सुटे होईल. झाकण उघडा आणि रेडिएटरच्या तळाचा प्लग हलक्या हाताने सैल करा. हा प्लग बहुधा प्लॅस्टिकचा असतो, जोर लावला तर तुटतो. सगळे निथळले की प्लग लावून डिस्टिल्ड पाणी भरा, इंजिन थोडे चालवा, पुन्हा थंड होऊ द्या आणि तेही काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करावे.

नवे कूलंट नरसाळ्याने सावकाश ओता. छोट्या मोटारीत साधारण चार लिटर मावते. मग झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करा. ही गोष्ट थंड गाडी सुरू करतानाच करायची, हे लक्षात असू द्या. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि पातळी खाली जाते, तसे थोडे थोडे भरत राहा. बुडबुडे थांबले, पंखा एकदा फिरून बंद झाला, की झाकण लावा. हवा आत राहिली, तर नवे कूलंट घालूनही गाडी तापते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतली पातळी पुन्हा तपासा. आणि रंगावर जाऊ नका. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने घालते. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिला असेल तोच आणावा, दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत.

गिअर ऑईलची गोष्ट उलटी आहे. कूलंट थंड गाडीतून काढायचे, गिअर ऑईल कोमट गाडीतून. चार-पाच किलोमीटर फिरवून आणली, की तेल पातळ होऊन नीट निथळते. म्हणून ही दोन कामे दोन वेगळ्या दिवशी करावीत. गाडीखाली जायचे ते पक्क्या स्टँडवर चढवूनच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नका. जॅक सरकला तर सावरायला क्षणही मिळत नाही.

गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात, वरचा भरायचा आणि खालचा काढायचा. आधी वरचा उघडून पाहा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा आधी काढला, तर तेल जमिनीवर आणि गाडी दारात, अशी गत होते. खालच्या बोल्टला बऱ्याचदा लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ चिखल दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. लोखंडाचे तुकडे दिसले, तर मात्र मेकॅनिकला दाखवा. गाडी चारही बाजूंनी सारखी असताना वरच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत नवे तेल भरायचे. तेलाचा दर्जा पुस्तकाप्रमाणेच हवा. जिथे जीएल-४ सांगितले आहे, तिथे 'जास्त भारी' म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातली गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना बाधतात.

ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी गाड्यांचे काम मात्र घरी करू नका. त्यांचे तेल वेगळे असते, आणि पातळीही ठरावीक तापमानाला मोजावी लागते. तिथे हात आखडता घेणे शहाणपणाचे.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. घमेल्यात जुने कूलंट आहे. बहुतेक जण ते नालीत किंवा अंगणाच्या कोपऱ्यात ओततात. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि ते विष आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे गुरे, बकऱ्या, कुत्री दिसेल त्या डबक्याला तोंड लावतात. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात. आधी नशा चढल्यासारखे झोकांड्या खाणे, मग मूत्रपिंड निकामी होणे, असा त्याचा क्रम आहे. कुत्रा, वासरू, बकरी थोडक्यात जाते. लहान मुलासाठी काही घोट पुरे होतात. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्या औषधात सापडलेले डायइथिलीन ग्लायकॉल याच कुळातले.

रसायन हाताळताना काय होते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून हातमोजे, मास्क, रिकामे डबे यांबद्दल आपण बोलू लागलो. तीच काळजी गाडीजवळही हवी. कामाच्या वेळी जनावरे बांधून ठेवा, मुलांना आत पाठवा. जुने कूलंट घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर मुळीच भरू नका. सांडलेल्यावर माती टाका, ती माती गोळा करून पिशवीत बांधा. कोणी ते प्यालेच, तर लक्षणांची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा. जनावर असेल तर लगेच पशुवैद्यक गाठा.

जुन्या तेलाचेही तसेच. ते गोचिडीवर औषध म्हणून बैलाच्या अंगाला लावू नका, विहिरीजवळ ओतू नका. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आहे. म्हणजे त्याला घेणारा आहे. कूलंट आणि तेल वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, एकत्र केले तर दोन्ही वाया जातात. काम सुरू करण्याआधीच तुमच्या ओळखीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, "जुने तेल, जुने कूलंट तुम्ही जमा करता का? पुढे कोणाला देता?" नीट उत्तर मिळाले नाही, तर दुसरीकडे विचारा. ते ठिकाण सापडले, की मग खुशाल पाना हातात घ्या.