कृत्रिम मूत्रपिंड आणि स्वच्छ हात

मनुष्याच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढ्या आकाराचीं दोन मूत्रपिंडें असतात. निरोगी माणसाला तीं आहेत याची जाणीवहि नसते. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळावा, त्यांतील बहुतेक सारा परत रक्तांत सोडावा आणि जेमतेम दीड लिटर मूत्र बाहेर टाकावें, हें काम तीं अहोरात्र आणि मुकाट्यानें करीत असतात. मधुमेहानें, रक्तदाबानें किंवा दुसऱ्या एखाद्या विकारानें तीं निकामी झालीं, म्हणजे मगच घरांतल्या मंडळींना त्यांची किंमत कळते. पाय सुजतात, अन्नावरची वासना उडते, चार पायऱ्या चढतांना धाप लागते. आणि एके दिवशीं डॉक्टर सांगतात कीं, यापुढें रोग्याचें रक्त यंत्रानें शुद्ध करावें लागेल.

ह्या उपचाराला डायलिसिस म्हणतात. शहरांतल्या घरांना हा शब्द आतां परका राहिलेला नाहीं. रोग्याचें रक्त एका नळीनें बाहेर काढावयाचें, केंसासारख्या बारीक अशा हजारों पोकळ तंतूंच्या गाळणींतून तें न्यावयाचें आणि दुसऱ्या नळीनें परत शरीरांत सोडावयाचें, अशी ही क्रिया आहे. तंतूंच्या आंतून रक्त वाहतें, बाहेरून क्षारमिश्रित शुद्ध पाणी वाहतें. मधल्या सूक्ष्म पडद्यांतून रक्तांतील मळ पाण्यांत उतरतो. दर खेपेस सुमारें चार तास आणि आठवड्यांतून बहुधा तीन खेपा, असा हा क्रम असतो. आठवड्याच्या १६८ तासांचें काम बारा तासांत उरकावयाचें, म्हणजे शरीरावर केवढा ताण पडत असेल याची कल्पना करावी.

हें यंत्र माणसाच्या हातीं आलें तें मोठ्या बिकट काळांत. दुसरें महायुद्ध चालू असतांना, हॉलंडमधील कांपेन ह्या गांवीं, विलेम कोल्फ नांवाच्या तरुण डॉक्टरानें १९४३ सालीं पहिलें उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड तयार केलें. कारखान्यांत मांसाचे पदार्थ भरण्यासाठीं वापरण्यांत येणारी सेलोफेनची नळी त्यानें एका फिरत्या पिंपाभोंवतीं गुंडाळली आणि तिच्यांतून रक्त खेळविलें. सुरवातीचे बहुतेक सारे रोगी दगावले. तरी तो खचला नाहीं, आणि १९४५ सालीं बेशुद्धावस्थेंत आणलेली एक ६७ वर्षांची वृद्धा त्याच्या यंत्रामुळें वांचली. पुढें १९६० सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं टेफ्लॉनची नळी रोग्याच्या हातांत कायमची बसविण्याची युक्ति काढली. तोंपर्यंत प्रत्येक खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. त्यामुळें हा उपचार थोड्या दिवसांपुरताच करतां येई. ह्या युक्तीनंतर तो वर्षानुवर्षें करणें शक्य झालें.

परंतु एक अडचण सुटली आणि दुसरी उभी राहिली. वर्षाला १५६ खेपा, प्रत्येक खेपेला दोन सुया, म्हणजे तीनशेंहून अधिक वेळां रोग्याच्या शरीराचें दार उघडतें. एकाच दालनांत दहा-वीस रोगी शेजारीं शेजारीं निजलेले असतात. त्यांच्यामधून त्याच परिचारिका, तेच तंत्रज्ञ, तींच औषधें आणि त्याच ढकलगाड्या दिवसभर फिरत असतात. मूत्रपिंडें निकामी झाल्यानें रोग्याची प्रतिकारशक्ति आधींच क्षीण झालेली असते. घरफोड्या करणाऱ्याला याहून सोईचें घर कोणतें मिळणार?

हा धोका किती खरा आहे, हें १९६० ते १९७० या दशकाच्या उत्तरार्धांत ब्रिटनमध्यें दिसून आलें. मँचेस्टर, लिव्हरपूल, एडिंबरो अशा शहरांतील डायलिसिस-केंद्रांत यकृताला ग्रासणाऱ्या बी प्रकारच्या काविळीची सांथ पसरली. एडिंबरो येथें १९६९-७० सालीं रोग्यांबरोबर त्यांची शुश्रूषा करणारेहि मृत्युमुखीं पडले. ह्या काविळीचा विषाणु मोठा चिवट आहे. टेबलावर किंवा यंत्राच्या कळीवर पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबांत तो आठवडाभर जिवंत राहूं शकतो. तेव्हां एका रोग्याचा विषाणु दुसऱ्याला मिळण्यासाठीं दोघांनीं एकमेकांना शिवण्याचीहि गरज नसते. मधला एक न धुतलेला हात पुरतो.

ब्रिटिश सरकारनें लॉर्ड रोझेनहाइम यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि १९७२ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतहि लौकरच तशाच सूचना निघाल्या. त्यांत चमत्कारिक असें कांहींच नव्हतें. प्रत्येकाचें रक्त ठराविक मुदतीनें तपासावें, ज्यांना ही कावीळ आहे त्यांच्यासाठीं वेगळी जागा, वेगळें यंत्र आणि वेगळी परिचारिका असावी, हात धुवावे, हातमोजे बदलावे, प्रत्येक रोग्यानंतर खाट आणि यंत्र जंतुनाशकानें पुसावें, इतकेंच. अमेरिकेंतील डायलिसिसच्या रोग्यांपैकीं १९७४ सालीं शेंकडा सहांहून अधिक लोकांना ह्या काविळीची नवी लागण होत असे. १९८० पर्यंत तें प्रमाण शेंकडा एकावर आलें. ह्या काविळीवरील लस लोकांना मिळूं लागली ती १९८२ सालीं. म्हणजे लस येण्यापूर्वींच साबण, पाणी आणि शिस्त यांनीं अर्ध्याहून अधिक लढाई जिंकली होती.

जंतूंना शिरण्यास दुसरें द्वार आहे तें रक्तवाहिनीचें. न्यूयॉर्कमधील ब्रेशिया आणि चिमिनो यांनीं १९६६ सालीं मनगटाजवळची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनें एकमेकींना जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला फिस्च्युला म्हणतात. जोडलेली शीर कांहीं आठवड्यांत जाड व बळकट होते आणि सुई टोंचण्यास योग्य ठरते. तींत परकी वस्तु कांहींच नसल्यामुळें जंतूंना आसरा मिळत नाहीं. उलट मानेंतून किंवा छातींतून हृदयापर्यंत नेलेली कॅथेटरची नळी तांतडीच्या वेळीं प्राण वांचविते खरी, पण ती रक्तांत जंतु शिरण्याचा सर्वांत मोठा राजमार्ग आहे. म्हणून डॉक्टर फिस्च्युला लौकर करून घेण्याचा आग्रह धरतात. पुष्कळ घरांत ‘इतक्यांत कशाला?’ म्हणून ती गोष्ट लांबणीवर टाकली जाते, आणि तांतडीची वेळ आली म्हणजे नळीवांचून उपाय राहत नाहीं.

तिसरें द्वार पाण्याचें. दर खेपेस सुमारें १२० लिटर पाणी रोग्याच्या रक्ताशेजारून वाहतें. पिण्याच्या पाण्यांतील दोष अडविण्यास आंतड्याची भिंत असते. येथें तो सूक्ष्म पडदा तेवढा असतो. नळाच्या पाण्यांत जंतु मारण्यासाठीं घातलेलीं द्रव्येंसुद्धां रक्तांतील तांबड्या पेशी फोडूं शकतात. ब्राझीलमधील कारुआरू शहरीं १९९६ च्या फेब्रुवारींत एका केंद्राला टँकरनें आणलेलें, नीट शुद्ध न केलेलें पाणी पुरविण्यांत आलें. तलावांतील शेवाळाचें विष त्यांत उतरलें होतें. यकृत निकामी होऊन पन्नासांहून अधिक रोगी दगावले. टँकरचें पाणी महाराष्ट्रांतल्या कोणत्या शहराला अपरिचित आहे? म्हणून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची देखरेख आणि पाण्याची वेळच्या वेळीं तपासणी हा केंद्राचा प्राण होय.

भारतांत २०१६ सालीं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांतून गरीब रोग्यांना हा उपचार मोफत मिळण्याची सोय होऊं लागली. ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु यंत्र विकत आणतां येतें, संवय विकत आणतां येत नाहीं. गाळणी धुऊन त्याच रोग्यासाठीं पुन्हां वापरण्याची पद्धत जेथें आहे, तेथें तिच्यावरचें नांव प्रत्येक वेळीं दोघांनीं वाचून पाहणें, औषधाची सुई रोग्याच्या खाटेशीं न भरतां वेगळ्या स्वच्छ जागीं भरणें, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातांना मोजे काढून हात धुणें, ह्या गोष्टी गर्दीच्या वेळींच विसरल्या जातात आणि गर्दीच्या वेळींच त्यांची गरज असते. व्हिएन्ना येथें १८४७ सालीं डॉक्टर सेमेलवाइस यांनीं प्रसूतिगृहांत हात धुण्याचा नियम घातला, तेव्हां बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें कमी झाले. तरीहि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नियम अपमानास्पद वाटला. तो अहंकार अजून साराच गेलेला नाहीं.

आणि येथेंच रोग्याच्या मनाचा प्रश्न येतो. एखादे निवृत्त मास्तर खाटेवर निजले आहेत अशी कल्पना करावी. शेजारच्या खाटेवरची सुई काढून तंत्रज्ञ त्याच मोज्यांनीं त्यांच्याकडे वळतो. मास्तरांना तें दिसतें. जन्मभर ज्यांनीं मुलांच्या वह्यांतील काना-मात्रा सोडली नाहीं, ते येथें गप्प राहतात. ‘बिचारा दमला आहे, आणि पुढचीं कित्येक वर्षें ह्याच्याच हातीं जीव द्यावयाचा आहे, मग वाकडें कशाला घ्या?’ असें त्यांच्या मनांत येतें. हें मौन समजण्यासारखें आहे, पण तें घातक आहे. ज्या केंद्रांत रोगी निर्भयपणें ‘बाळ, मोजे बदलतोस का?’ असें विचारूं शकतो आणि तंत्रज्ञ ‘बरें झालें आठवण केलीत, काका,’ असें उत्तर देतो, तेथें रोग्याची सुरक्षितता आणि रोग्याचें समाधान हीं दोन्ही एकाच वेळीं साधतात.

वेगळ्या खोलींत ठेवलेल्या रोग्याचें दुःख आणखी निराळें. बी काविळीच्या रोग्याला वेगळें ठेवणें शास्त्रानें आवश्यक आहे. परंतु तें विषाणूला वेगळें ठेवणें आहे, माणसाला वाळींत टाकणें नव्हे, हें त्याला आणि त्याच्या घरच्यांना कोणी तरी समजावून सांगितलें पाहिजे. सी प्रकारच्या काविळीच्या किंवा एच्. आय्. व्ही.च्या रोग्याला तर, नेहमींचे सारे नियम कसोशीनें पाळले जात असतील, तर वेगळ्या खोलीचीहि गरज नसते. भीतीपोटीं केलेली दूरी जंतूंना रोखीत नाहीं. रोग्याचें मन मात्र मोडते. आणि मन मोडलेला रोगी खेपा चुकवितो, पथ्य सोडतो, ताप आला तरी सांगत नाहीं.

घरच्या माणसांच्या हातींहि पुष्कळ आहे. फिस्च्युलाचा हात खाटेवर निजण्यापूर्वीं साबणानें धुवावा. त्या हातावर रक्तदाब मोजूं देऊं नये, रक्त काढूं देऊं नये, जड पिशवी उचलूं नये. तेथें बोट ठेवून आंतली थरथर रोज पाहावी. ती थांबली तर त्याच दिवशीं केंद्रांत कळवावें. कॅथेटरची पट्टी भिजूं देऊं नये. थंडी वाजून ताप आला, तर ‘उद्यां पाहूं’ असें म्हणूं नये. काविळीची लस मूत्रपिंडांचा विकार वाढण्यापूर्वींच घेतलेली बरी. पुढें ती अधिक मात्रेंत द्यावी लागते आणि तरीहि तिचा गुण कमीच येतो.

कोल्फच्या फिरत्या पिंपापासून आजच्या यंत्रापर्यंत शास्त्रानें फार मोठी मजल मारली आहे. पण यंत्राला सुई जोडणारा हात अजून माणसाचाच आहे. तो स्वच्छ असेल तर आणि हळुवार असेल तर, खाटेवरचा माणूस चार तासांनंतर उठून घरीं जाईल. आणि परवां पुन्हां येतांना त्याच्या पायांत भीतीचा गोळा येणार नाहीं.