वादग्रस्त खाद्यसाखळीची नोंद : अचूकता आणि न्याय

मॅकडोनल्ड्स या शब्दाखाली ज्ञानकोशात नेमके कशाचे वर्णन करायचे, हे नोंद लिहिणाऱ्याला आधी ठरवावे लागते. हे नाव एका अमेरिकन कंपनीचे आहे, तसेच तिच्या परवान्यावर शंभराहून अधिक देशांत चालणाऱ्या उपाहारगृहांचेही आहे. त्यांतली सुमारे ९५ टक्के उपाहारगृहे स्थानिक मालक फ्रँचायझीच्या करारावर चालवतात. त्यामुळे ‘मॅकडोनल्ड्सने अमुक केले’ या वाक्यात कर्ता कोण, हे बहुतेक वेळा सांगायचे राहून जाते. जून २०१७ मध्ये दिल्लीतल्या ५५ शाखांपैकी ४३ बंद पडल्या. त्या उत्तर भारतातील भागीदार कंपनीच्या होत्या आणि तिचा मूळ अमेरिकन कंपनीशी वाद चालू होता. मुंबई-पुण्यातल्या शाखा दुसऱ्याच कंपनीकडे असल्याने तिथले व्यवहार सुरळीत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमधील परवानाधारकाने तिथल्या सैनिकांना मोफत जेवण देऊ केले, तेव्हा सौदी अरेबिया, कुवेत, ओमान इथल्या परवानाधारकांनी त्या निर्णयाशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. एकाच नावाच्या पाटीखाली परस्परविरुद्ध भूमिका घेणारे मालक होते. अशा वेळी देश, वर्ष आणि चालक कंपनी सांगितली नाही, तर त्या नोंदीत एकाच्या कृतीचे माप दुसऱ्याच्या पदरात पडते.

स्थापनेची तारीखही वाटते तितकी सरळ नाही. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड या भावांनी १९४० साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो इथे उपाहारगृह काढले. १९४८ साली त्यांनी पदार्थांची यादी छाटून झटपट हॅम्बर्गर देणारी नवी पद्धत बसवली. मिल्कशेकची यंत्रे विकणारे रे क्रॉक यांनी त्यांच्याकडून परवाने देण्याचे हक्क मिळवले, १९५५ साली इलिनॉय राज्यातील डेस प्लेन्स इथे आपली शाखा उघडली आणि १९६१ साली २७ लाख डॉलरना भावांचा सगळा हक्क विकत घेतला. कंपनी दीर्घकाळ १९५५ पासूनच आपला इतिहास मोजत आली. कंपनीचे पत्रक समोर ठेवून लिहिणारा माणूस क्रॉक यांनाच संस्थापक ठरवून मोकळा होतो. दोन्ही तारखा, त्यांतली कोणती कोण मोजतो आणि का, हे लिहिले की काम होते. त्याला दोन ओळी अधिक लागतात, त्या द्याव्यात.

या साखळीवर झालेल्या आरोपांचे वर्णन कसे करावे, याचा सर्वांत मोठा धडा लंडनच्या न्यायालयात मिळाला. ‘लंडन ग्रीनपीस’ नावाच्या एका लहान गटाने १९८६ साली मॅकडोनल्ड्सविरुद्ध सहा पानी पत्रक काढले. (जगप्रसिद्ध ग्रीनपीस संघटनेशी या गटाचा संबंध नव्हता. नावाच्या साधर्म्यामुळे ही चूक अजूनही छापली जाते.) १९९० मध्ये कंपनीने या गटातल्या पाच जणांवर अब्रुनुकसानीचा खटला भरला. तिघांनी माफी मागितली. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस यांनी नकार दिला. इंग्लंडमध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यांना सरकारी कायदेसाहाय्य मिळत नसे, म्हणून कंपनीच्या नामांकित वकिलांसमोर हे दोघे स्वतःच उभे राहिले. सुनावणी जून १९९४ मध्ये सुरू झाली आणि न्यायमूर्ती बेल यांनी १९ जून १९९७ रोजी निकाल दिला. इंग्लंडच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला खटला ठरला.

निकाल कोणाच्या बाजूने लागला, या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देणारी प्रत्येक नोंद अपुरी आहे. न्यायमूर्तींनी पत्रकातले आरोप सुटे करून एकेक तपासला. पर्जन्यवनांचा नाश केल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. गरीब देशांतल्या उपासमारीला कंपनी जबाबदार असल्याचा आरोपही टिकला नाही, आणि कर्करोग व हृदयविकाराबाबत पत्रकाने जे म्हटले होते ते त्या न्यायालयात सिद्ध झाले नाही. मात्र जाहिरातींतून कंपनी लहान मुलांचा गैरफायदा घेते, काही प्राण्यांना दिल्या जाणाऱ्या क्रूर वागणुकीची जबाबदारी तिच्यावर येते आणि तिच्या कमी पगारांमुळे ब्रिटनमधल्या खानपान व्यवसायातले वेतन खाली राहायला हातभार लागतो, हे आरोप खरे ठरले. स्टील आणि मॉरिस यांना ६०,००० पौंड भरपाई देण्याचा आदेश झाला. १९९९ साली अपील न्यायालयाने ती रक्कम ४०,००० पौंडांवर आणली आणि आहार व हृदयविकार यांसंबंधीच्या मुद्द्यावर स्टील आणि मॉरिस यांना आणखी काही झुकते माप दिले. फेब्रुवारी २००५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, या दोघांना कायदेसाहाय्य न मिळाल्याने त्यांच्या न्याय्य सुनावणीच्या आणि अभिव्यक्तीच्या हक्कांचा भंग झाला, असा निर्णय ब्रिटिश सरकारविरुद्ध दिला. तो निर्णय सरकारविरुद्ध होता, कंपनीविरुद्ध नव्हता, हेही नोंदीत स्पष्ट यावे लागते.

१९९७ साली थांबणारी नोंद, १९९९ साली थांबणारी नोंद आणि २००५ पर्यंत जाणारी नोंद अशा तीन नोंदी शेजारी ठेवल्या, तर एकच खटला तीन वेगवेगळे खटले वाटतील. ‘कंपनी जिंकली’ हे खरे आहे आणि ‘कंपनीची नाचक्की झाली’ हेही खरे आहे. तरीही दोन्ही वाक्ये जोडून ‘दोन्ही बाजूंना थोडे यश आले’ असे लिहिणे ही पळवाट आहे. वाचकाला हवे असते ते पर्जन्यवनांचे काय झाले, मुलांच्या जाहिरातींचे काय झाले, पगाराचे काय झाले, हे. न्यायमूर्ती बेल यांनी पत्रक जसे वाक्यावाक्याने सुटे केले, तसेच नोंद लिहिणाऱ्यानेही करावे. दोन बाजूंच्या बरोबर मधोमध उभे राहिले की न्याय झाला, ही समजूत आपल्याकडे संपादनाच्या कामात खोल रुजली आहे. ज्या मुद्द्यावर पुरावा एका बाजूला स्पष्ट आहे, तिथे मधोमध उभे राहणे हीच चूक ठरते.

अमेरिकेतल्या गरम कॉफीच्या खटल्यात उलट प्रकारची चूक झाली. तिथे सत्य कंपनीच्या विरोधकांनी नव्हे, तर लोकांच्या करमणुकीने झाकले. फेब्रुवारी १९९२ मध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की इथे स्टेला लीबेक या ७९ वर्षांच्या बाई उभ्या गाडीत शेजारच्या आसनावर बसल्या होत्या. गुडघ्यांत धरलेल्या कपाचे झाकण काढताना कॉफी त्यांच्या अंगावर सांडली. भाजण्याची तीव्रता तिसऱ्या श्रेणीची होती. त्यांना आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि त्वचारोपण करावे लागले. त्यांनी कंपनीकडे सुमारे २०,००० डॉलर मागितले. कंपनीने ८०० देऊ केले. खटल्यात उघड झाले की, कंपनी कॉफी सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सियस तापमानाला ठेवत असे आणि आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सुमारे ७०० तक्रारी तिच्याकडे आल्या होत्या. ज्यूरीने १९९४ साली भरपाईचे दोन लाख डॉलर ठरवले. त्यातून बाईंच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचे २० टक्के वजा केले. वर दंडात्मक भरपाई म्हणून २७ लाख डॉलर दिले. न्यायाधीशांनी ती दंडात्मक रक्कम ४,८०,००० वर आणली आणि शेवटी दोन्ही पक्षांत गुप्त तडजोड झाली. लोकांच्या तोंडी मात्र ‘कॉफी सांडली आणि लाखो डॉलर मिळाले’ एवढेच उरले. गाडी उभी होती, बाई ती चालवत नव्हत्या, मोठी रक्कम कमी झाली आणि शेवटी किती पैसे मिळाले ते जाहीरच नाही, या चार गोष्टी गाळल्या की एका भाजलेल्या वृद्धेचे रूपांतर लोभी बाईत होते. कंपनीला न्याय देण्याच्या नादात माणसावर अन्याय होऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मराठीत असा मजकूर लिहिताना क्रियापदांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. ‘दावा’ या शब्दाचा अर्थ न्यायालयातला खटला असा होतो आणि नुसते म्हणणे असाही होतो. ‘कंपनीने दावा केला’ एवढ्यावरून ती कोर्टात गेली की पत्रकार परिषदेत बोलली, हे कळत नाही. ‘ठपका ठेवला’, ‘दोषी ठरवले’, ‘कबूल केले’, ‘तडजोड केली’ या चार निरनिराळ्या पायऱ्या आहेत आणि घाईत लिहिलेल्या बातमीत त्या एकमेकांच्या जागी येतात. तडजोडीत बहुधा कबुली नसते. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘खोटे ठरले’ हेही एक नव्हे. ‘कथित’ हा शब्द प्रत्येक नामामागे डकवला की लिहिणाऱ्याचे संरक्षण होते, पण वाचकाला आरोप कोणी केला हे कळत नाही. बोली मराठीतला ‘म्हणे’ त्या मानाने प्रामाणिक आहे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगायची सोय भाषेने केव्हाच करून ठेवली आहे. कोशाच्या गद्यात ‘म्हणे’ बसत नाही, म्हणून तिथे त्या ऐकिवाचा धनी नावानिशी द्यावा लागतो.

शब्दांच्या या बारकाव्याची गरज महाराष्ट्राने २००१ साली प्रत्यक्ष अनुभवली. अमेरिकेत मॅकडोनल्ड्स बटाट्याच्या फ्राइज पूर्वी गुरांच्या चरबीत तळत असे. १९९० साली कंपनीने वनस्पती तेल वापरायला सुरुवात केली आणि तसे जाहीर केले. परंतु स्वादासाठी गोमांसापासून केलेला अंश फ्राइजमध्ये घातला जात होता आणि हे ग्राहकांना स्पष्ट सांगितले जात नव्हते. मे २००१ मध्ये सिएटलमधील वकील हरीश भारती यांनी हिंदू व शाकाहारी ग्राहकांच्या वतीने खटला भरला. पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर विविध हिंदू, शीख, शाकाहारी आणि अन्य संस्थांना देण्याचे मान्य केले. भारतात बातमी पोहोचताच ठाण्यातील शाखेची मोडतोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये असा कोणताही मांसजन्य अंश नसल्याचे इथल्या चालकांनी सांगितले. भारतातील पदार्थांच्या यादीत गोमांस आणि डुकराचे मांस पहिल्यापासूनच नाही.

इथे ‘फ्राइज गाईच्या चरबीत तळतात’ हे वाक्य १९९० नंतरच्या अमेरिकेबद्दल चुकीचे होते, आणि ‘अमेरिकेतले फ्राइज शाकाहारी होते’ हेही चुकीचे होते. अमेरिकेतल्या ग्राहकांची फसवणूक झाली ही तक्रार रास्त होती. ठाण्यातल्या दुकानाशी तिचा संबंध जोडणे रास्त नव्हते. भावना दुखावलेल्या वाचकाला हे दोन्ही एकाच परिच्छेदात सांगायला धैर्य लागते. तरीही जेवण आणि धर्म एकत्र आले की जी आग पेटते ती पाहता, नुसत्या ‘चरबी’ आणि ‘स्वाद’ या दोन शब्दांमधला फरक राखणे हे कोशकाराचे मोठेच सामाजिक काम आहे.

नोंदीवर दबाव दोन्हीकडून येतो. मेरियम-वेबस्टरने २००३ साली आपल्या कोशात ‘मॅकजॉब’ हा शब्द घेतला आणि कमी पगाराची, फारसे कौशल्य न लागणारी, बढतीची फारशी संधी नसलेली नोकरी, अशा आशयाचा अर्थ दिला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जिम कँटालुपो यांनी जाहीर पत्र लिहून निषेध केला. कोशाने शब्द ठेवला. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड कोशाने व्याख्या बदलावी म्हणून कंपनीने मोहीम चालवली. कंपनीचे दुःख समजण्यासारखे आहे, कारण तिथे काम करून मोठ्या पदाला पोहोचलेली माणसे खरोखरच आहेत. तरीही कोश शब्दाचा प्रचलित अर्थ नोंदवतो आणि तो अर्थ लोकांनी घडवलेला असतो. कोशकारांनी मेरियम-वेबस्टरच्या त्या ठामपणाची आठवण ठेवावी. तसाच ठामपणा कंपनीविरोधी चळवळींच्या आग्रहापुढेही लागतो. मॉर्गन स्परलॉक यांच्या २००४ सालच्या ‘सुपर साइझ मी’ या माहितीपटातील, तीस दिवस फक्त मॅकडोनल्ड्सचे पदार्थ खाण्याचा प्रयोग वर्षानुवर्षे त्या पदार्थांच्या दुष्परिणामांचा पुरावा म्हणून सांगितला गेला. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच आपण दीर्घकाळ सतत मद्यपान करत असल्याचे लिहिले. जुन्या नोंदीत ही ओळ भरणे त्या चळवळीला कितीही अडचणीचे वाटले, तरी आवश्यक आहे.

अलीकडचे उदाहरण घरचेच आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अहमदनगर येथील एका शाखेवर, खऱ्या चीजऐवजी पर्यायी पदार्थ वापरून ग्राहकांना तसे न सांगितल्याचा ठपका ठेवला आणि तिचा परवाना निलंबित केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी देशभर गेली. पश्चिम व दक्षिण भारतातील शाखा चालवणाऱ्या वेस्टलाइफ कंपनीने आरोप नाकारला. आपण खरेच चीज वापरतो हे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पडताळणीत स्पष्ट झाल्याचे तिने त्याच महिन्यात जाहीर केले. या प्रकरणाची नोंद करताना राज्य प्रशासनाचा ठपका त्याच्या नावावर, कंपनीचा नकार कंपनीच्या नावावर, आणि केंद्रीय प्राधिकरणाबद्दलचे विधान कंपनीने केलेले असल्याने तेही तिच्याच नावावर घालावे लागते. शाखा अहमदनगरची होती, कारवाई त्या शाखेवर होती, आणि शहराचे नाव आज अहिल्यानगर आहे.