अब्बांची उंची मोजणारी मुलगी

(बारावीच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण इंजिनिअर कसं व्हायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी दुसऱ्याच कामाबद्दल बोलणार आहे.

२०२१ च्या मे महिन्यात अब्बांना कोरोनामुळे व्हेंटिलेटरवर ठेवायची वेळ आली. काचेतून पाहिलं तर एक तरुण मुलगी टेप घेऊन त्यांची उंची मोजत होती. मला वाटलं, ही काय वेळ आहे? नंतर बाहेर येऊन तिनेच समजावलं. अब्बांचं वजन ८४ किलो, उंची १६० सेंटीमीटर. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही, ते उंचीप्रमाणे असतं. म्हणून उंचीवरून त्यांचं वजन ५७ किलो धरायचं, किलोमागे ६ मिलिलिटर, म्हणजे एका श्वासाला साधारण ३४० मिलिलिटर हवा. ८४ धरले तर आकडा ५०० च्या वर जातो, आणि आधीच आजारी असलेल्या फुप्फुसाला मशीनच इजा करतं.

ती रेस्पिरेटरी थेरपिस्ट होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने मशीन लावणं, धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट पाहून ऑक्सिजन कमी-जास्त करणं, नळीतला कफ काढणं, मग हळूहळू मशीन सोडवणं, हे तिचं काम. त्या लाटेत कित्येक ठिकाणी व्हेंटिलेटर आले, पण चालवणारं माणूस नव्हतं म्हणून पडून राहिले.

सांगायला लाज वाटते. हाच कोर्स माझ्या धाकट्या बहिणीला करायचा होता. अब्बा म्हणाले, "रात्रपाळी? लोक काय म्हणतील?" मी तेव्हा कमावता होतो, तरी गप्प बसलो. माझ्या रात्रीच्या ऑफिस कॉलला मात्र घरात कधी कुणी हरकत घेतली नव्हती. तिने बी.कॉम. केलं. आणि रात्री तीन वाजता माझ्या अब्बांचा श्वास दुसऱ्या कुणाची तरी मुलगी सांभाळत होती.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. पदवीला बहुतेक ठिकाणी तीन वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हा पेशाही नोंदणीच्या चौकटीत आणला आहे. पण नुसती पाटी बघून फी भरू नका. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, आयसीयूत खाटा किती, विद्यार्थ्यांना व्हेंटिलेटरला हात लावू देतात का, हे तिथे शिकणाऱ्यांनाच विचारा. रात्रपाळीला येण्या-जाण्याची सोय काय, हेही जरूर विचारा. पालकांची ती काळजी रास्तच आहे.

अब्बा बरे झाले, आज समोरच बसलेत. माझी भाची यंदा बारावीला आहे, तिने हाच कोर्स ठरवलाय. अब्बा अजून "बघू" म्हणतात.