आधी हप्ता, मग प्रवेश

सीईटीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एकच विषय निघतो. पोराला नाशिकलाच ठेवायचं, की पुण्यातल्या एखाद्या मोठ्या नावाच्या खासगी विद्यापीठात घालायचं? तिथं इंजिनिअरिंगचं शुल्क वर्षाला तीन-चार लाख, वसतिगृह वेगळं. माझं सांगणं एवढंच आहे: आधी कर्जाचा हप्ता काढा, मग प्रवेश घ्या.

निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हिशेब शिकवायला नको. द्राक्षबाग लावताना तुम्ही मांडवाचे अँगल, तारा, ठिबक, खुंट, कलमांची मजुरी असा पै-पैचा खर्च मांडता. आणि भाव कोणता धरता? गावात एखाद्याच्या मालाला मिळालेला निर्यातीचा चढा भाव? मुळीच नाही. मधला भाव धरता, एखादं वर्ष अवकाळीत जाईल हेही धरता. मग मुलाच्या बाबतीत फलकावरचं सर्वांत मोठं पॅकेज वाचून सही कशी करता? ते पॅकेज एका मुलाचं असतं. एका घडावरून कुणी बागेचा अंदाज बांधतं का?

म्हणून विचारायचं ते मधल्या मुलाचं. नोकरी लागलेल्यांचे पगार चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मध्ये येतो तो पगार. एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्थांना हा आकडा द्यावा लागतो आणि तो सर्वांना पाहता येतो. तुमच्या शाखेचा आकडा निराळा मागा. शंभरातल्या किती जणांना नोकरी लागली, हेही विचारा.

आता हप्ता. चार वर्षं दरसाल पावणेचार लाख, म्हणजे 15 लाख कर्ज. व्याज दहा टक्के धरू. शिक्षण संपल्यावर सहसा वर्षभर हप्ता नसतो. पण दादा, व्याज थांबत नाही! सरळ व्याज धरलं तरी फेड सुरू होताना देणं 20 लाखांवर गेलेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 27 हजार. मधल्या मुलाला वर्षाला चार लाख पगार असेल, तर हातात तीस-बत्तीस हजार येणार. पुण्यात तो राहील कशावर, खाईल काय? आणि तारण म्हणून बाग लिहून दिली असेल तर? कागद घ्या आणि हप्ता काढा. पुन्हा सांगतो, प्रवेशाच्या आधी काढा.

नाव मोठं म्हणजे शुल्कही मोठं, हेही खरं नव्हे. पुण्याचं सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 पासूनचं. 2022 मध्ये त्याचं विद्यापीठ झालं, तेही सरकारी. आपल्या नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयात शिकलेल्या कुसुमाग्रजांना ज्ञानपीठ मिळालं. शिकणाऱ्याचा कस महत्त्वाचा.

मुलींच्या पालकांनी तर कान देऊन ऐका. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024 पासून शंभर टक्के माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर सवलत गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागूच नाही. नावाच्या मोहानं हातचा हक्क सोडू नका.

महागडी संस्था कधीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. महिन्याचा मधला पगार हप्त्याच्या तिप्पट असेल, किंवा साठवलेल्या पैशातून भागत असेल, तर जरूर घ्या. शिष्यवृत्तीच्या अटींबद्दलही बोलायचं होतं. पहिल्या वर्षी मिळालेली सूट पुढे गुणांवर अवलंबून राहते... पण वेळ संपत आली. आज रात्री जेवणं झाली की मुलाला, मुलीला शेजारी बसवा आणि सगळ्यांनी मिळून तो हप्ता काढा. आकडा त्यांनाही कळू द्या, कारण तो फेडायचा त्यांनाच आहे.